दुकान बंद करायला किती दिवस लागतील?
चांगली नोकरी सोडून परदेशी जायचं का, हे ठरवताना

कुपवाड एमआयडीसीत हल्ली महिन्याला एक तरी जण माझ्या टेबलाशी येऊन घुटमळतो. आधी कास्टिंगच्या रिजेक्शनचं, म्हणजे ओतीव पार्ट तपासणीत नापास का झाले त्याचं, काहीतरी विचारतो, मग आवाज बारीक करून म्हणतो, "मॅडम, जर्मनीचं जरा विचारायचं होतं." महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर हे वाढलंच आहे. मी त्याच राज्यात, श्टुटगार्टजवळच्या एका गावात, सव्वादोन वर्षं राहून परत आलेय. त्यामुळे माझ्याकडे तयार उत्तर असेल असं सगळ्यांना वाटतं.

जाऊ की नको, ते मी कुणाला सांगत नाही. ठरवायचं कसं, तेवढं सांगते. आणि त्यातलं निम्मं माझं नाहीच, माझ्या मामाचं आहे.

मामा विट्याकडचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलीत, जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचा तो धंदा. गावाकडं दुष्काळ, म्हणून पोरगं चौदा-पंधराचं झालं की कुणा पाहुण्याच्या दुकानात भट्टीपुढं बसवायचे. मामानं कोइमतूरला ३६ वर्षं काढली. मला जर्मनीतल्या नोकरीचं पत्र आल्यावर मी पेढे घेऊन त्याच्याकडं गेले. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "दुकान काय गं, आठ दिवसांत उघडतंय. बंद करायला किती दिवस लागतील ते सांग."

मला सांगता आलं नाही. पुढं जे काही लिहितेय ते या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना सापडलेलं आहे.

कोणत्या आठवड्यात ठरवू नये

मला परदेशातून पहिलं पत्र आलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. त्याच आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. माहेर गावभागात. आई-बाबांना बोटीतून काढलं, आणि विश्रामबागेत माझ्या हॉलमध्ये अकरा माणसं झोपत होती. त्या गर्दीत बाथरूममध्ये उभी राहून मी दोन ओळींचा नकाराचा मेल पाठवला. नकार बरोबर होता की चूक, ते मला आजही माहीत नाही. कारण मी काही ठरवलंच नव्हतं, पुरानं ठरवलं.

उलटही पाहिलंय. आमच्यातल्या एकानं इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडलं त्या संध्याकाळी एजंटला ५० हजार भरले. साहेबावरचा राग तिसऱ्या दिवशी उतरला, पैसे काही परत आले नाहीत. तेव्हा पूर, बाळंतपण, इन्क्रिमेंट, भावकीतली भांडणं आणि दिवाळीला तिकडून आलेला मित्र, हे पंधरवडे टाळा. निदान दोन साधे, कंटाळवाणे महिने जाऊ द्या. त्या महिन्यांतही जावंसं वाटलं तर पुढचं वाचा.

कारण एका ओळीत, आणि घरच्यांना वाचून दाखवता येईल असं

"मुलांच्या भविष्यासाठी", "एक्स्पोजर मिळतं" ही कारणं लग्नपत्रिकेवरच्या श्लोकासारखी असतात, सगळ्यांची सारखीच. खरं कारण बहुतेक वेळा लहान असतं आणि सांगायला जरा लाज वाटते. कुणाला जाऊबाईंच्या शेजारचा फ्लॅट सोडायचा असतो. कुणाला ३५ व्या वर्षीही वडील पगाराचा हिशोब विचारतात त्याचा वैताग आलेला असतो. असू दे. फक्त स्वतःशी लिहून काढा, म्हणजे ते कारण सांगलीतल्या सांगलीत भागतंय का ते बघता येईल. घर बदलून सुटणाऱ्या त्रासासाठी खंड बदलायची गरज नसते.

माझी ओळ अशी होती: ज्या ड्रॉइंगवरून मी ११ वर्षं पार्ट पास-नापास करतेय, ते ड्रॉइंग जिथं निघतं ते टेबल मला बघायचंय. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, ०.०५ का, ०.०८ का नाही, हे विचारायची सोय इथं नव्हती. कस्टमरनं दिलंय, पाळा. ही ओळ नवऱ्याला वाचून दाखवली तेव्हा तो हसला नाही, म्हणजे ती खरी होती.

पगाराला ८३ ने गुणू नका

२०२२ मधला माझा हिशोब देते. आकडे आता बदललेत, पण मांडायची रीत तीच.

पगार ठरला वर्षाला ५८,००० युरो. आमच्याकडं लगेच कुणीतरी मोबाइलवर युरोच्या तेव्हाच्या ८३ रुपये भावानं गुणाकार केला आणि सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पण जर्मनीत कर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारीविमा असं सगळं आधीच कापून हातात येतं. त्यात कराचे वर्ग आहेत. नवरा-बायको दोघंही तिथं राहत असतील तर एकाला तिसरा वर्ग घेता येतो, कर बराच कमी. नवरा सांगलीत राहिला, की कागदावर लग्न झालेलं असूनही मी पहिल्या वर्गात, म्हणजे एकट्या माणसासारखी. हातात महिन्याला सुमारे ३,०५० युरो.

त्यातून भाडं ९८०. भाड्यात दोन प्रकार: नुसतं घराचं ते 'थंड', हीटिंग-पाणी वगैरे धरून ते 'गरम'. जाहिरातीत थंड आकडा मोठ्या अक्षरांत असतो. किराणा आणि घरखर्च ३८०. बस-ट्रेनचा पास, फोन, वीज, तिसऱ्याचं नुकसान झालं तर भरायचा विमा, आणि टीव्ही असो-नसो प्रत्येक घराला बसणारी प्रसारण वर्गणी १८.३६ युरो, असे मिळून १७०. वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट महिन्यावर वाटून १५०. कपडे, औषधं, अचानकचा खर्च २००. राहिले १,१७०.

इथं बहुतेकजण थांबतात. पुढं बघा. विश्रामबागेतल्या फ्लॅटचा हप्ता २४ हजार, म्हणजे तेव्हाच्या भावानं २९० युरो. मुलीची शाळा, घरचा किराणा, मी नाही म्हणून लावलेली स्वयंपाकाची बाई, यातला माझा वाटा २५ हजार, म्हणजे ३००. खाली शिल्लक ५८० युरो. ४८ हजार रुपये.

सांगलीत ९२ हजार हातात येत होते आणि हप्ता, घरखर्च जाऊन ३१ हजार मागं पडत होते.

फरक महिन्याला १७ हजारांचा. दोन चुली पेटवल्या की एवढंच उरतं. शिवाय तिथं जाण्याचा खर्च वेगळा: तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढं डिपॉझिट (ते परत मिळतं, पण अडकून पडतं), आणि रिकाम्या घरात स्वयंपाकघरसुद्धा नसतं, ओटा-सिंकपासून विकत घ्यायचं. डिपॉझिट सोडून माझे अडीच लाख गेले. ते फेडायलाच पंधरा महिने.

हा हिशोब बघितल्यावर एक गोष्ट बरी झाली. पैशासाठी जातेय असं म्हणायची सोयच उरली नाही. तुमचा हिशोब वेगळा येईल. घरचे सगळे बरोबर येत असतील तर चूल एक, कर कमी, शिवाय मुलामागं सरकारी भत्ता, तो २०२३ पासून २५० युरो होता. पण मग जोडीदाराची इथली मिळकत शून्य धरा. कमीत कमी पहिली दोन वर्षं.

अकरा माणसांची यादी

कागद घ्या आणि तुमची चांगली नोकरी कुणाकुणाच्या जिवावर चालते त्यांची नावं लिहा. माझी अकरा भरली. सासूबाई, ज्या पाचला उठून डबा करायच्या. भांडीवाल्या मावशी. मुलीचे रिक्षाकाका. गणपती मंदिराच्या मागचा टेलर, जो ब्लाउज वेळेत देत नाही पण फॉल-बीडिंग उधार करतो. फोनवर सर्दीचं औषध सांगणारे डॉक्टर. खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याकडं किल्ली असते. असे अकरा.

आता प्रत्येकापुढं लिहा: तिथं हे काम कोण करणार. माझ्या कागदावर अकरा वेळा 'मी' आलं. लिहिताना त्याचं काही वाटलं नाही. समजलं ते तिथं गेल्यावर, तिसऱ्या आठवड्यात. संध्याकाळी घरी आले तर दाराच्या मुठीला एक पाटी लटकत होती, 'केअरवोखे'. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी माझी. श्वाबेन, म्हणजे श्टुटगार्टकडच्या भागात ही पद्धत अजून कडक आहे. मी शनिवारी झाडू मारला, पोछा मारला, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. अर्ध्या तासानं समोरच्या आजींनी बेल वाजवली. काही न बोलता मला जिन्यात घेऊन गेल्या, खाली वाकल्या, आणि पायरी भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात बोट फिरवून ते बोट मला दाखवलं. क्वालिटी डिपार्टमेंटची ११ वर्षं, आणि मला असं कुणी नापास केलं नव्हतं. (पुढं त्याच आजींनी मला आठवड्यातून दोनदा जर्मन बोलायला बसवलं. पण ते पुढं.)

मुद्दा कामाचा नाही, ते होऊन जातं. नोकरीत इथं तुमची जी पत आहे, ती या अकरा माणसांमुळं वाचलेल्या वेळातून आलेली असते. तो वेळ तिथं नसतो. पहिलं वर्षभर तुम्ही इथल्यापेक्षा जरा कमी हुशार दिसणार, त्यात भाषा परकी. हे चालणार आहे का, ते स्वतःला विचारा. काही चांगल्या माणसांना ते चालत नाही. त्यात कमीपणा काही नाही, पण जाण्याआधी कळलेलं बरं.

जोडीदार

माझा नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात बसतो, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं दुकान. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याला त्याचं फारसं कौतुक नाही. तो हळकुंड हातात घेऊन मोडतो आणि आवाजावरून सांगतो, ओल किती आहे. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनीत नोकरी करायची मुभा असते, व्हिसासाठी भाषेची परीक्षाही लागत नाही. हे मी मोठ्या उत्साहानं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, परवाना देतील. पण तिथं माझं हळकुंड कोण मोडून घेणार?"

मला राग आला होता, कारण तो बरोबर बोलत होता.

जोडीदाराला "येशील ना?" असं विचारू नका. या प्रश्नाला होय म्हणणं हे प्रेमाचं लक्षण समजलं जातं, आणि मग ते होय आयुष्यभर पुरवून वापरलं जातं. "तिथं सकाळी दहा वाजता तू काय करत असशील?" असं विचारा. त्याला उत्तर आलं तर पुढं बोला. आमच्या घरी आलं नाही, म्हणून ठरलं की मी आधी एकटी जायचं.

मूल कितवीत आहे

याबद्दल कुणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त हेच अंगावर येतं. जर्मनीत बहुतेक राज्यांत, बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्येही, प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात: गिम्नाझियम विद्यापीठाकडं नेणारी, बाकीच्या बऱ्याचशा धंदेशिक्षणाकडं. पुढं रस्ता बदलता येतो, पण सोपं नाही. आता विचार करा, आपलं मूल तिसरीत असताना तिथं नेलं. पहिलं वर्ष भाषा शिकण्याच्या वर्गात जाणार, आणि भाषा जेमतेम तोंडात बसतेय तोवर चौथीची शिफारस होणार. गणितात पुढं असलेलं पोर भाषेपायी मागं.

मी निघाले तेव्हा माझी लेक नेमकी तिसरीत होती. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर हा प्रश्न जवळपास नाही. तुमचं मूल सात ते दहाच्या मध्ये असेल तर त्या राज्याची शाळेची पद्धत आधी वाचा, भाड्याचे दर नंतर. प्रत्येक राज्याची पद्धत वेगळी आहे.

आई-वडिलांचं वहिनीशी बोला

"दादा आहे की इथं." हे वाक्य सांगली जिल्ह्यातून परदेशी गेलेल्या प्रत्येकानं म्हटलेलं आहे. मीही म्हटलं. मग लक्षात आलं, आईच्या गुडघ्याला तेल लावणारी, मिरजेला डॉक्टरकडं नेणारी, तिथं तीन तास बाकावर बसणारी दादा नसते, वहिनी असते. आणि वहिनीला मी काहीच विचारलेलं नव्हतं.

एका रविवारी मुद्दाम ती एकटी असताना गेले. विचारलं, मी नसताना तुझं काय काय वाढेल? तिनं आधी "छे, काही नाही ताई" म्हटलं. दुसऱ्या चहाला तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली: महिन्याची तपासणी, पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की सामान वर न्यायचं, बाबांचा चिडका स्वभाव. आम्ही ठरवलं की आईसाठी दिवसाची बाई ठेवायची, पगार माझा. आणि वर्षातून पंधरा दिवस मी येईन तेव्हा वहिनी माहेरी जाणार, कुणी अडवायचं नाही. हे पंधरा दिवस तिनं दोन्ही वर्षी वसूल केले. पैशापेक्षा तेच कामाला आलं.

पुराचं मात्र कशानंच भागत नाही. जुलै लागला की मी तिथं पहाटे साडेचारला उठून बघायचे, कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विनला किती फूट आहे. इकडं तेव्हा आठ वाजलेले असतात. फोनवर सगळे सांगतात, काही नाही, तू झोप.

रंगीत तालीम

कागदावर जमतंय असं दिसलं की एकदा खोटं खोटं निघून जा. मी भाषेच्या क्लासचं निमित्त करून पुण्यात तीन आठवडे खोली घेतली. वाटलं होतं, मुलगी रडेल. ती काही रडली नाही. अडलं ते गॅसवर. सिलिंडर दारात आला आणि माणूस कोड मागायला लागला. कोड माझ्या मोबाइलवर, मी क्लासमध्ये, फोन बंद. सिलिंडर परत गेला. त्याच आठवड्यात शाळेच्या ॲपचा पासवर्ड, विजेच्या बिलाचा मेसेज आणि सासूबाईंच्या एफडीचा ओटीपी, सगळं माझ्याच नंबरवर.

तीन आठवड्यांत अशा चौदा गोष्टी निघाल्या. गॅस, वीज, शाळा नवऱ्याच्या नंबरवर केल्या. इकडचा नंबर चालू ठेवायचा आणि परदेशात मेसेज येतील एवढं रोमिंग ठेवायचं, हेही तेव्हाच कळलं. बँकेच्या बाबतीत यावाचून गत्यंतर नाही.

कागदपत्रं, भराभर

पदवी तिथं मानली जाते का ते आधी बघा. 'अनाबिन' नावाची जर्मन सरकारी यादी फुकट बघता येते. कॉलेज आणि पदवी दोन्ही त्यात नीट सापडलं नाही तर २०८ युरो भरून तुलनापत्र मागवावं लागतं. बायकांसाठी खास: माझी शिवाजी विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावानं आणि पासपोर्ट सासरच्या. ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यात माझा दीड महिना गेला. हे काम पत्र येण्याची वाट न बघता आजच सुरू करा.

भाषा म्हणाल तर, इंग्रजीवर नोकरी मिळते, संसार होत नाही. बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, झाल्याशिवाय सोसायटीची नोटीससुद्धा कळत नाही.

एजंटकडं जाणार असाल तर तो केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३० हजार आणि जीएसटी, एवढीच फी घेता येते. दोन लाख मागणारा चहा चांगला पाजतो, एवढंच.

पीएफ लगेच काढून टाकू नका. १० वर्षं नोकरी झालेली असेल तर ईपीएसच्या, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनचा हक्क उभा राहतो, माझा राहिला. ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागून घ्या, लाजू नका. नोकरीसाठी देश सोडताना त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला तर प्राप्तिकरासाठी तुम्ही अनिवासी धरले जाता. म्हणून एप्रिलमध्ये निघणं आणि नोव्हेंबरमध्ये निघणं यात बराच फरक पडतो, सीएला विचारा. इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं.

आणि आपल्याकडच्यांसाठी महत्त्वाचं: अनिवासी झालात की शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर चालते, आधीची ठेवता येते. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं तासगावला द्राक्षबागेचा व्यवहार तोंडी ठरवून ठेवला होता, "तिकडून पैसे पाठवून घेतो" म्हणून. ती बाग दुसऱ्यानं घेतली.

राजीनामा कधी

करार सही होऊन व्हिसा पासपोर्टवर लागल्यावरच. तोपर्यंत कितीही हुरूप आला तरी गप्प बसायचं. आपल्याकडं नोटीस बहुतेक ९० दिवसांची, तेव्हा रुजू होण्याची तारीख 'व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांनी' अशी करारातच लिहून घ्या. त्यांना ते चालतं, आपल्यालाच विचारायचा संकोच.

तिथं पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर मोकळं होता येतं. म्हणून त्या सहा महिन्यांत इथली गाडी विकू नका, फ्लॅट भाड्यानं देऊ नका, मुलाचा शाळेचा दाखला काढू नका. आणि इथल्या साहेबाला शेवटच्या दिवशी मनातलं सगळं सुनावून यायची जी इच्छा असते, ती गिळा. आमच्या एकानं सुनावलं होतं. चौदा महिन्यांनी त्याच साहेबाच्या केबिनबाहेर तो फाइल घेऊन बसलेला मी पाहिलाय.

सरकारी नोकरी, बँक, कॉलेज यांत असाल तर बिनपगारी दीर्घ रजेचा काही नियम आहे का ते सेवाशर्तींत वाचा. असेल तर राजीनाम्याचा विचारच करू नका, आधी रजा.

परतीच्या अटी

आता मामाचा प्रश्न. निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही नवरा-बायको हरिपूरला संगमावर जाऊन बसलो आणि एका वहीच्या पानावर तीन अटी लिहिल्या. यातली एक जरी खरी झाली तर मी परत येणार, त्यावर पुन्हा चर्चा करायची नाही. एक: चार म्हाताऱ्यांपैकी कुणालाही रोज हातानं भरवायची वेळ आली तर. दोन: दोन वर्षांत आम्ही तिघं एका घरात आलो नाही तर, मग ते घर तिथं असो नाहीतर इथं. तीन: त्या ड्रॉइंगच्या टेबलाशी न बसवता मला पुन्हा नुसत्या तपासणीला बसवलं तर. खाली दोघांनी सह्या केल्या. नवऱ्यानं तारीखही टाकली, अडतीच्या पावतीवर टाकतो तशी.

अटी लिहिताना त्यात "वाटलं तर", "जमलं नाही तर" असले शब्द येऊ देऊ नका. तिथं गेल्यावर दर महिन्याला काहीतरी वाटतं. नोव्हेंबरात पाचला अंधार पडतो तेव्हा तर रोजच. गणपतीत तिथल्या मराठी मंडळात आरतीला उभं राहिलं की उलटंच वाटतं, सगळं छान चाललंय. मोजता येईल अशीच अट लिहा.

तिसरी अट आलीच नाही. आठव्या महिन्यात मी त्या टेबलाशी बसले. ०.०५ का, ते विचारलं. समोरचा डिझायनर जरा विचार करून म्हणाला, जुन्या मॉडेलवरून तसंच चालत आलंय. दोन दिवस मला हसू आवरत नव्हतं. अकरा वर्षं आम्ही त्या आकड्यापायी गाड्या भरून माल भंगारात टाकला होता. नंतर आम्ही तो आकडा बदलला.

खरी झाली ती दुसरी अट. मे २०२३ मध्ये दोघं येऊन महिनाभर राहून गेली. लेकीला ट्राम आवडली, नवऱ्याला रविवारची बंद दुकानं. पण सकाळी दहाच्या प्रश्नाला त्याला तेव्हाही उत्तर आलं नाही, आणि लेक चौथीत पोचली होती. दोन वर्षं पुरी झाली त्या संध्याकाळी त्यानं मला काही न लिहिता त्या पानाचा फोटो पाठवला. मी आवराआवर सुरू केली.

परत येण्याची किंमतही सांगून टाकते, कारण तिकडून येणारे ती सांगत नाहीत. जुन्या कंपनीत माझ्या जागी दुसरी व्यक्ती चांगली बसली होती. दुसरीकडं लागले, पण न जाता राहिले असते तर आज जेवढा पगार असता त्यापेक्षा कमीवर. माझ्या हाताखालची दोन मुलं आता माझ्या बरोबरीनं मीटिंगला बसतात. लेक पहिले दोन महिने प्रत्येक गोष्ट आधी सासूबाईंना विचारायची आणि मग मला सांगायची.

आणि बंद करायला लागलेले दिवस. घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची, एका दिवसाची सूट नाही. नगरपालिकेत जाऊन नाव कमी करायचं, त्या कागदाशिवाय इंटरनेटवाला करार मोडत नाही. आरोग्यविमा, वीज, बँक. विकत घेतलेलं स्वयंपाकघर पुढच्या भाडेकरूला निम्म्या भावात. भिंतीला पांढरा रंग. जिना शेवटचा पुसला तेव्हा कोपरे मी आधी बोटानं तपासले, आणि समोरच्या आजींनी मला एक जर्मन शब्दकोश दिला, जो आता मला काही उपयोगाचा नव्हता.

सांगलीला आल्यावर मामाला फोन केला. म्हटलं, मोजले मी, ९३ दिवस लागले.

"माझं अकरा दिवसांत मिटलं होतं," तो म्हणाला. "तुझं दुकान जरा महागातलं हुतं गं."